दिवसाला शंभर रुपये आणि दीडशे वर्षांचा कागद

आजच्या एपिसोडचा हा लिखित भाग. ज्यांना बिरवाडी फाट्यापासून कंपनीच्या गेटपर्यंत बसच्या आवाजात काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी खास.

विषय घरकर्जाचा. आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये ईएमआय कुठून आला? पण महाड एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या दहा जणांना विचारा, त्यातल्या कितीतरी जणांच्या पगारातून महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापला जातो. कुणाचा फ्लॅट महाड शहरात, कुणाचं घर पोलादपूरकडे गावात, कुणाचा वन बीएचके पनवेलच्या पुढे. आणि चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो, "कर्ज लवकर फेडता येईल का रे?"

येतं. पण हे "येतं" आपल्याला फुकट मिळालेलं नाही. कर्ज मुदतीआधी फेडायचा हक्क, फेडलेल्या पैशाची पावती आणि फेडल्यावर आपला कागद परत, या तीन साध्या गोष्टींसाठी महाराष्ट्रात दीडशे वर्षं भांडण चाललंय. आज तेच भांडण बघू. आणि त्याच्यासोबत चालत आलेली दुसरी गोष्टही, ती म्हणजे आपली माणसं एकटी कधीच बचत करत नव्हती.

सुपे, 12 मे 1875

पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातलं सुपे गाव. बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. आता गंमत बघा. लोक चिडलेले होते, कर्जबाजारी होते, पण त्यांना सगळ्यात आधी हवे होते ते कर्जरोखे आणि चोपड्या. ते कागद बाहेर काढून पेटवले गेले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये पसरलं. नंतर नेमलेल्या सरकारी आयोगाला असं दिसलं, की जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे मारहाण फारशी झालीच नाही.

म्हणजे राग माणसावर होताच, पण खरा राग कागदावर होता. का?

मागे जरा जाऊ. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. सावकारांनी हात सैल सोडले, शेतकऱ्यांनी उचल घेतली. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने सारा वाढवला. सावकाराने हात आखडला आणि जुनी वसुली सुरू केली.

यात एक तांत्रिक भानगड होती आणि मला ती सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. 1859 साली मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर तो बाद. हेतू चांगला होता, ऋणकोला संरक्षण मिळावं हा. झालं उलटंच. तीन वर्षं संपत आली की सावकार नवीन रोखा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक साठलेलं व्याज मिळून नवीन मुद्दल. पुन्हा तीन वर्षांनी तेच. आपल्याकडे दामदुप्पट नावाचा जुना नियम होता, एका वेळी थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. पण व्याजच मुद्दल होऊन बसलं तर दामदुप्पट मोजायचं कुठून? शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. आपण दिलेले पैसे कुठे जमा झाले, हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

पावती, खातेउतारा, पासबुक

या दंगलीतून 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता, आपलं कोकण त्यात नव्हतं. पण त्यात काय होतं ते ऐका.

कोर्टाने रोख्यावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. पार पहिल्या व्यवहारापासून हिशेब काढायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. व्याजाचं मुद्दल झालेलं मान्य नाही. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आणि शेतकऱ्याला तीन गोष्टी मागायचा हक्क दिला. पैसे दिल्याची लेखी पावती, वर्षाचा खातेउतारा आणि पासबुक.

1879! आज आपण बँकेच्या ॲपवर "लोन स्टेटमेंट डाउनलोड" असं बटण दाबतो ना, त्या बटणाचा हा खापरपणजोबा.

कायद्याने सावकारी संपली असं काही नाही. पण एक तत्त्व रुजलं की कर्ज घेणाऱ्याला आपला हिशेब बघायचा हक्क आहे. बाकी सगळं पुढे त्यावरच उभं राहिलं.

कोकणात गहाण टाकायला तरी काय होतं?

इकडे महाड-पोलादपूरची गोष्ट वेगळी. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे 1981 पासूनच्या रायगडात, खोती होती. गावच्या साऱ्याची वसुली खोताकडे आणि कूळ त्याच्या दयेवर. ज्याच्या नावावर जमीनच नाही, तो गहाण काय ठेवणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच्या दहा वर्षं आधी ते महाडला चवदार तळ्यावर आले होते, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. खोतीचं विधेयक मात्र आपण विसरतो. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा 1949 साली झाला.

तोपर्यंत आपल्या डोंगरातल्या माणसाने काय केलं? मुंबई गाठली. गिरणीत लागला. आणि तिथेही कर्ज मागे लागलंच. 1929 साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने अंदाज दिला, की बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. व्याजाचा नेहमीचा एक दर काय, तर रुपयाला महिना एक आणा. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे वर्षाला बारा आणे, म्हणजे 75 टक्के!

गावकीची खोली

आता इथून दुसरी गोष्ट सुरू होते, सोबतीची.

गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या खोल्या असायच्या. एका गावची एक खोली. तिथे गावची वीस-तीस माणसं पाळीप्रमाणे झोपायची. एक कामावर गेला की दुसरा त्याच जागी आडवा. दर महिन्याला प्रत्येकाची वर्गणी ठरलेली. त्यातून खोलीचं भाडं, गावच्या देवळाचं काम, कुणाच्या घरी मयत झाली तर तातडीचे पैसे. महिन्याची बैठक, हिशेबाची वही सगळ्यांसमोर. वर्गणी थकली की चारचौघांत विचारणा व्हायची आणि कुणी अडचणीत असेल तर चारचौघांतच मार्गही निघायचा. गावाकडे मनीऑर्डर जायची ती याच शिस्तीतून.

या माणसांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचं तर वेगळंच. त्या स्वतः सावकाराच्या कर्जात असायच्या, कारण धान्य महिनाभर उधारीवर आणायचं आणि जेवणाऱ्यांचे पैसे पगार झाल्यावर. 1975 साली गोवा मुक्ती लढ्यातल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी अशा 14 जणींना एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. गहाण ठेवायला बायकांकडे काही नव्हतं. त्यांनी एकमेकींची हमी घेतली. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात. भांडायला नाही हो, काय झालं ते विचारायला.

जगात सगळीकडे सुरुवात एकाच कल्पनेने

तुम्हाला वाटेल घरकर्ज म्हणजे बँकांनी काढलेली वस्तू. तसं नाहीये. 1775 साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला रिचर्ड केटली नावाच्या माणसाची गोल्डन क्रॉस नावाची खाणावळ-कम-गुत्ता होता. तिथे जमणाऱ्या माणसांनी एक मंडळी काढली. प्रत्येकाने दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची, पुरेसे जमले की एकाचं घर बांधायचं. मग पुढच्याचं. सगळ्यांची घरं झाली की मंडळी बंद!

ओळखीचं वाटतंय ना? अहो, ही तर आपली भिशी! फरक एवढाच, की आपल्या भिशीतून मिक्सर नाहीतर मंगळसूत्र येतं आणि त्यांच्या भिशीतून घर आलं. अमेरिकेत 1831 साली फिलाडेल्फियाजवळ फ्रँकफर्डला याच धर्तीवर पहिली संस्था निघाली.

मराठी माणूसही मागे नव्हता. 1889 साली बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकरांनी एक मंडळी काढली. भारतातल्या नागरी सहकारी पतसंस्थांची सुरुवात तिथून धरतात. नाव काय ठेवलं, तर "अन्योन्य". म्हणजे एकमेकांना! सहकाराचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1904 मध्ये आला. 1915 साली मुंबईत गावदेवीला रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. महाडमध्ये आज अण्णासाहेब सावंतांच्या नावाची नागरी सहकारी बँक आहे, तीही याच झाडाची फांदी.

मग गेल्या चाळीसेक वर्षांत हे बदललं. 1977 साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली आणि पगारदाराला घरकर्ज ही गोष्ट सरळ, सोपी झाली. फार मोठं काम झालं, वादच नाही. आपल्या आजोबांना निवृत्तीनंतर पीएफ मिळाल्यावर घर बांधता यायचं, आपल्याला अठ्ठाविसाव्या वर्षी चावी मिळते. पण एक गोष्ट हातातून सुटली. कर्ज एकट्याचं झालं. खोलीतल्या सगळ्यांना सगळ्यांचा हिशेब माहीत असायचा. आज शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं किती कर्ज राहिलंय, आपल्याला ठाऊक नसतं. आणि त्याला आपलं.

आता थोडं गणित

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून हे गणित मला लूपसारखं दिसतं. 240 वेळा फिरणारा लूप.

20 लाखांचं कर्ज, 9 टक्के, 20 वर्षं. हप्ता साधारण 17,995 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 15,000 व्याज आणि मुद्दलात फक्त 2,995. वीस वर्षांत एकूण भरणार सुमारे 43 लाख 19 हजार. म्हणजे व्याजच 23 लाखांच्या वर, मुद्दलापेक्षा जास्त! (दामदुप्पट इथे लागू होत नाही बरं का. तो नियम एका वेळी थकलेल्या व्याजाला होता, वर्षानुवर्षं भरत गेलेल्या एकूण व्याजाला नाही.)

आता दिवसाला 100 रुपये बाजूला टाका. महिन्याला 3,000 जास्तीचे, पहिल्या हप्त्यापासून. मुद्दलात 2,995 जात होते, आता 5,995 जातात. म्हणजे फेडीचा वेग पहिल्याच महिन्यात दुप्पट. कर्ज संपतं 168 महिन्यांत. वीसचे चौदा वर्षं. जास्तीचे भरले सुमारे 5 लाख आणि व्याज वाचलं जवळजवळ 8 लाख.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच, फक्त इथे तळं भरायच्या ऐवजी आटतंय.

दोन सूचना. जास्तीचे पैसे भरताना बँकेला स्पष्ट सांगा, "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा." आणि सुरुवातीच्या वर्षांत भरलेला रुपया शेवटच्या वर्षांतल्या रुपयापेक्षा कितीतरी जास्त काम करतो.

1859 ची भानगड पुन्हा

आता मगाशी सांगितलेला तीन वर्षांचा रोखा आठवा.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. समजा, कुणी 7 टक्क्यांनी 20 लाख घेतले होते, 20 वर्षांसाठी. हप्ता 15,506. एका वर्षाने मुद्दल उरलं सुमारे 19 लाख 52 हजार. आता दर अडीच टक्क्यांनी वाढून 9.5 झाला आणि हप्ता तसाच ठेवला तर? महिन्याचं व्याज 15,456. मुद्दलात जाणार 50 रुपये! पन्नास! कर्ज वीस वर्षांत काय, या जन्मात संपायचं नाही.

त्या काळात कितीतरी लोकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. पगारातून कापली जाणारी रक्कम बदलली नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. यात कुणी सावकार चोपडी घेऊन बसलेला नव्हता, सगळं नियमात होतं. पण परिणाम ओळखीचा आहे. कर्जदाराला न कळता कर्जाचं वय वाढतं.

म्हणून 18 ऑगस्ट 2023 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक महत्त्वाचं. दर बदलला की कर्जदाराला कळवायचं आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला निवडू द्यायचं. कर्ज पूर्ण किंवा काही भाग कधीही फेडायचा पर्यायही द्यायचा. त्याआधी 5 जून 2012 रोजी बँकांना सांगितलं गेलं होतं, की बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावायचा नाही. आणि 13 सप्टेंबर 2023 चं तिसरं परिपत्रक म्हणतं, कर्ज फिटलं की 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला.

हिशेब, मुदतीआधी फेडायचा हक्क, कागद परत. 1875 साली सुपेच्या बाजारात ज्या कागदासाठी आग लागली, तो आज 30 दिवसांत मागता येतो. मला हे वाचून खरंच भरून येतं. आणि अजून एक. या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, चिंतामणराव देशमुख, जन्मले कुठे? 14 जानेवारी 1896, नाते. आपल्या महाड तालुक्यातलं, रायगडाच्या वाटेवरचं नाते!

घाई करायची, पण आंधळी नाही

महाडकरांना हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. 24 ऑगस्ट 2020 ला काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. वर्षभराने, जुलै 2021 मध्ये, सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवसांत तळियेत डोंगर खाली आला. घर गेलं तरी कर्ज आपोआप जात नाही. म्हणून सगळी शिल्लक मुद्दलात ओतून हात रिकामे करू नका. सहा महिन्यांचा घरखर्च अधिक हप्ते आधी बाजूला. घराचा विमा आणि स्वतःचा मुदत विमा आधी. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा महाग व्याजाचं वैयक्तिक कर्ज असेल तर ते आधी मारा, घरकर्जाचा नंबर नंतर. जुन्या करपद्धतीत व्याजावर सवलत घेत असाल तर तेही हिशेबात धरा. यानंतर जे उरेल, त्यातले दिवसाचे शंभर.

आणि भिशी लावत असाल तर एक कायद्याची गोष्ट. 1982 च्या चिट फंड कायद्यातून छोट्या रकमेच्या चिटला सूट आहे. 2019 च्या दुरुस्तीने 100 रुपयांची जुनी मर्यादा बदलली. लाखालाखाच्या विनानोंदणी भिश्यांपासून मात्र लांब राहा. गोळा करणारा गायब झाला की दाद मागणं अवघड.

मग करायचं काय?

माझं म्हणणं, पैसे एकत्र करू नका, आकडे एकत्र करा. पाळीतले चार-पाच जण, ज्यांची घरकर्जं चालू आहेत, त्यांनी एक छोटा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा. दर महिन्याच्या सहा तारखेला प्रत्येकाने एकच आकडा टाकायचा, बाकी मुद्दल किती. पगार विचारायचा नाही, कुणाची कुणाशी तुलना नाही. आपला मागच्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा, एवढंच. बोनस आला की कुणीतरी हळूच विचारेल, "काय, टाकलेस का थोडे?" कुणाचा आकडा हललाच नाही तर दुसरा विचारेल, "काय झालं, सगळं ठीक ना?" गावकीच्या खोलीत हेच व्हायचं. हिशेबाच्या वहीपेक्षा ती विचारणा जास्त कामाची होती.

आणि ज्या दिवशी शेवटचा हप्ता जाईल, त्या दिवशी काम संपलं असं समजू नका. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्या. मूळ कागद मोजून घ्या, तीस दिवस लक्षात ठेवा. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढलेला असेल, तर तो उतरवून घ्या आणि नवीन उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आपल्या महसुली भाषेत त्याला बोजाच म्हणतात. शब्द किती नेमका आहे बघा.

मग त्या ग्रुपवर शेवटचा आकडा टाका. शून्य. आणि पेढे तुमच्याकडून!

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर हा भाग अशा एकाला पाठवा, ज्याचा हप्ता या पाच तारखेला गेलाय. काळजी घ्या, पावसात गाडी सावकाश चालवा.